मुदतपूर्व काढणी

लिटल ड्रोक, न्यूफाउंडलंड
६ जून २०१६

रोझे,

तू पाठवलेलं पुस्तक पोचलं. आईने आधी हात धुतले, एप्रनला पुसले, मगच उघडलं. ‘टॉलवर सॅमन कंपनी : वार्षिक पर्यावरण अहवाल’. अठ्ठ्याऐंशी पानं, आणि त्यातल्या निम्म्या पानांवर सूर्यास्त. आमच्या खाडीत वर्षभरात एवढे सूर्यास्त दिसत नाहीत. बाकीचे दिवस ढगच असतात.

चौदाव्या पानावर मी आहे. पाणबुड्याचा काळा पोशाख, ओले केस, दात काढून हसतोय. खाली लिहिलंय, ‘आमचे महासागराचे राखणदार’. त्या दिवशी मी पाण्यात उतरलोच नव्हतो. फोटोवाल्या बाईने बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, समुद्राकडे प्रेमाने बघा. समुद्र माझ्या पाठीमागे होता. समोर डिझेलची टाकी होती. मी तिच्याकडे प्रेमाने बघितलं.

माझं काम काय ते तुला ठाऊक आहे. नऊ वर्षं झाली, ह्यांच्या जाळ्याच्या पिंजऱ्यांत उतरायचं आणि तळाशी साचलेले मेलेले मासे पोत्यात भरून वर आणायचे. राखणदार म्हणे! मढी उचलणाऱ्याला राखणदार म्हणायला ह्यांची जीभ कशी वळते? आणि पान वीसवर काय, तर ‘माशांचं जगण्याचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के’. अगं, मग मी रोज वर आणतो ते काय, बटाटे?

मागच्या पानावर तुमच्या खाजगी तपासणी-ऑफिसचा तो हिरव्या लाटेचा शिक्का आहे. आई म्हणाली, “खाली आपल्या रोझलिनच्या ऑफिसचं नाव आहे, म्हणजे खरंच असणार.” बहिणीची मुलगी हॅलिफॅक्सला मोठी साहेबीण झालीय हे तिला अजून अर्ध्या गावाला सांगायचं बाकी आहे.

फोन केला असता, पण इथे टेकडी चढल्याशिवाय आवाज पोचत नाही, आणि टेकडीवर कायम कोणीतरी आपल्या बायकोशी भांडत उभा असतो.

लिअँडर

*

हॅलिफॅक्स
२० जून २०१६

प्रिय लिअँडर,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. तू अजून तसाच आहेस. पण एक गोष्ट समजून घे. तू पाण्याखाली जे बघतोस तो झाला किस्सा. आम्ही बघतो तो पुरावा. रोजच्या नोंदी असतात, त्या ताडून पाहिल्या जातात, मग प्रमाण निघतं. तुझ्या पोत्यात चार मासे जड लागले म्हणून आकडा खोटा ठरत नाही. गावात सगळे असेच बोलतात हे मला आठवतंय. कोणाच्या गाईने दूध दिलं नाही तरी दोष सरकारचा.

आता बातमी. सप्टेंबरमध्ये तुमच्या खाडीची फेरतपासणी आहे आणि मुख्य तपासनीस मी आहे. सोळा वर्षांत पहिल्यांदा! आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या बॅगा उचलून फिरत होते. हे काम नीट पार पडलं की पुढच्या वर्षी सगळा पूर्व किनारा माझ्याकडे येईल.

एक काळजी घे. नेमणुकीच्या फॉर्मवर विचारलं होतं, ‘तपासणीच्या जागी नातेवाईक कामाला आहेत का?’ मी ‘नाही’ लिहिलं. मावसभाऊ म्हणजे काही सख्खा भाऊ नव्हे, आणि तू काही अधिकारी नाहीस. उगाच कोणी शंका काढली असती. तेव्हा मी येईन तेव्हा ओळख दाखवू नकोस. मावशीलाही समजावून सांग. पत्रं माझ्या घरच्या पत्त्यावरच पाठव. ऑफिसचं टपाल फोडलं जातं.

मावशीला प्रेम.

रोझलिन

*

लिटल ड्रोक
९ ऑगस्ट २०१६

रोझलिन,

किस्सा ऐक.

पाणी तापलंय. तीन आठवडे वारा नाही. माझ्या जन्मात ह्या खाडीचं पाणी मी इतकं कोमट पाहिलेलं नाही. मागच्या मंगळवारी पाच नंबरच्या पिंजऱ्यात उतरलो तर पायाला तळच लागेना. जाळ्याच्या तळावर मेलेल्या माशांचा थर, माझ्या छातीपर्यंत. हात घातला की मांस सुटून बोटांत येतं. सहा, सात, आठ नंबर, तिथेही तेच. वर आलो आणि होडीच्या कडेवर ओकलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

माशांची चरबी वितळून वर आलीय. पांढरी, लोण्यासारखी. सगळ्या किनाऱ्यावर बसलीय. दगडांवर पाय ठरत नाही. आई खिडक्या लावून बसते आणि तरी पावाला वास येतो.

आमचे मॅनेजर प्रेस्टन स्ट्राउड. इस्त्रीच्या जॅकेटवर हिरवी लाट लावून हिंडतात. बुधवारी सगळ्यांना गोळा करून म्हणाले, “मित्रांनो, ‘मेले’ हा शब्द वापरायचा नाही.”

मी विचारलं, “मग काय म्हणायचं?”

“मुदतपूर्व काढणी.”

“साहेब, कुजलेत ते.”

“लिअँडर, विक्रीच्या आधी पाण्याबाहेर काढला तो मासा काढलेला मासा. कसा काढला हे नोंदवहीत विचारलेलं नाही.”

समजलं? म्हणून अठ्ठ्याण्णव टक्के जगतात. मेलेला मासा मेल्यावर काढणीच्या रकान्यात जातो आणि तिथे सुखाने नांदतो. ट्रक येतात, कोंबडीखाद्याच्या कारखान्यात माल घेऊन जातात. वर ताडपत्री, ताडपत्रीवर हिरवी लाट.

आता तू येशीलच. पाच ते आठ नंबर बघ. एवढंच सांगतो.

लिअँडर

*

हॅलिफॅक्स
१७ ऑगस्ट २०१६

लिअँडर,

हे तू मला लिहायला नको होतंस. मी तपासनीस आहे, अशी खाजगी माहिती घेता येत नाही. तक्रार असेल तर आमच्याकडे तिची रीत आहे. सोबत नमुना सात पाठवते. नाव, पत्ता, सहीसकट भर आणि ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. निनावी तक्रार धरत नाहीत. तीस दिवसांत उत्तर येतं.

आणि जरा सबुरीने घे. उन्हाळ्यात थोडे मासे मरतात. ह्या धंद्यात ते धरलेलंच असतं.

रोझलिन

*

लिटल ड्रोक
३१ ऑगस्ट २०१६

बाईसाहेब,

नमुना सात भरला. कोरं पान मागून घेतलं, आईच्या चष्म्याने वाचत वाचत चांगल्या अक्षरात लिहिलं. तारीख, पिंजऱ्याचा नंबर, खोली, सगळं. खाली सही केली. मला आधी सही करायची नव्हती, पण म्हटलं, रोझ सांगते तर रीत असेल.

चार दिवसांनी स्ट्राउडने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा नमुना सात. माझ्या अक्षरातला, माझ्या सहीचा.

“खुलाशासाठी आलाय,” तो म्हणाला. “नियमच आहे, ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याला प्रत जाते.” मग हसला. “अक्षर छान आहे हो तुमचं.”

तुमची रीत ही अशी! चोराची तक्रार चोराकडेच तपासायला पाठवायची, आणि वर सांगणाऱ्याचा घरपत्ता द्यायचा. तीस दिवस कशाला लागतात तुम्हाला? चार पुरले की.

मला पाण्यातून काढलंय. शेडमध्ये जाळी धुतो आता. कामावरून काढलं असतं, पण अहवालात फोटो आहे ना. राखणदाराला हाकलणं बरं दिसत नाही.

उत्तर नको. तीस दिवस वाट बघतो.

लिअँडर

*

लिटल ड्रोक
२२ सप्टेंबर २०१६

रोझलिन,

आलीस आणि गेलीस. मी शेडच्या दारात पाइप घेऊन उभा होतो. पांढरे बूट, पांढरं हेल्मेट, हातात फाइल. माझ्यासमोर दोन हातांवर थांबलीस आणि म्हणालीस, “गुड मॉर्निंग, सर.” सर! लहानपणी ज्याच्या पाठीवर बसून ओढा ओलांडायचीस त्याला सर. तू ओळख दाखवू नको म्हणाली होतीस, तर मी नाही दाखवली. पण डोळ्यांनी तरी काहीतरी म्हणशील असं वाटलं होतं. मी मूर्ख.

तुला काय काय दाखवलं ते सगळं गाव बघत होतं. दोन नंबरचा पिंजरा. त्यातले जिवंत मासे आठवडाभर आधी चार ठिकाणांहून आणून टाकलेले. मग ती नवी कचरापेटी, तीन रंगांची. तिच्यासमोर तुमचा फोटो झाला. मग तू पाच ते आठकडे बोट केलंस, ते मी पाहिलं. स्ट्राउड म्हणाला, धुकं आहे, होडी जाणार नाही. रोझलिन, त्या दिवशी समोरच्या बेटावरची मेंढरं मोजता येत होती.

आणि तू फाइलमध्ये काहीतरी लिहिलंस आणि चहाला गेलीस.

आईने रविवारचं जेवण बुधवारी केलं होतं. खारवलेलं मांस, कोबी, सलगम, वाटाण्याचा गोळा. मी तिला म्हणालो होतो की ती येणार नाही. तर म्हणाली, “दिवसा नाही येणार, नियम असेल. संध्याकाळी येईल ना.” तुमची गाडी चर्चच्या वळणावरून परत गेली तेव्हा ती खिडकीत होती. तिने ताट झाकून ठेवलं. विचारलं, “तू बघितलंस का तिला? बारीक झालीय का?”

मी म्हणालो, लांबून ओळखू आली नाही.

तुझ्यासाठी बोललेलं हे शेवटचं खोटं.

लिअँडर

*

हॅलिफॅक्स
२ ऑक्टोबर २०१६

लिअँडर,

चार वेळा लिहून फाडलं. जसं झालं तसं सांगते.

वास मला गाडीतून उतरतानाच आला होता. किनाऱ्यावरचे दगड मी पाहिले. धुकं नव्हतं हे मलाही दिसत होतं. मी स्ट्राउडला म्हणाले, आम्ही थांबू, दुपारी जाऊ. तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं आणि फार गोड आवाजात म्हणाला, “तुमच्या आईचं माहेर इथलंच ना? कर्लींच्या घरातलं? तुमच्या फॉर्मवर ते राहून गेलेलं दिसतंय. असतात अशा चुका. आपण माणसंच आहोत.”

एवढंच. धमकी नाही, काही नाही. मग त्याने मला चहा दिला आणि मी प्यायले.

मावशीच्या घरासमोरून जाताना मी मान खाली घालून फाइल वाचत होते. फाइल उलटी होती.

अहवालात मी एक किरकोळ त्रुटी नोंदवली आहे : शेडमध्ये हातमोजे ठेवण्याच्या जागेवर पाटी नाही. शिक्का चालू राहील. तुला थुंकावंसं वाटेल, थुंक. पण हेही बघ, आमची फी तपासली जाणारी कंपनीच देते. मी शिक्का अडवला असता तर त्यांनी दुसरं ऑफिस गाठलं असतं, आणि तिथला माणूस हातमोज्यांपर्यंतही पोचला नसता. मी तिथे राहिले तर पुढे काहीतरी करता येईल.

फॉर्मची गोष्ट कोणाला सांगू नकोस. सोळा वर्षं आहेत माझी.

रोझलिन

*

लिटल ड्रोक
२० ऑक्टोबर २०१६

रोझलिन,

पाटी लागली. ‘हातमोजे इथे ठेवा’. दोन भाषांत. समुद्र वाचला.

तू म्हणतेस, पुढे काहीतरी करीन. मी बावन्न वर्षांचा आहे. पुढे काहीतरी करणारे लोक मी पुष्कळ पाहिले. ते सगळे चांगल्या घरांत राहतात.

तुझ्या कागदाने काय केलं ते ऐक. हेडली ऑर्गन आठवतो? खाडीच्या तोंडाशी शिंपले काढतो. तुला वल्हं धरायला त्याने शिकवलं. त्याच्या शिंपल्यांच्या जागेवर ती सगळी चरबी आणि घाण बसलीय. शिंपला उघडला की आत काळं पाणी. अकरा होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्यात. हेडली सगळ्यांच्या वतीने मत्स्यखात्याच्या कचेरीत गेला. मी बरोबर होतो. तिथल्या पेनी नावाच्या साहेबाने अर्ज वाचला, ड्रॉवर उघडला, आणि तुझा अहवाल काढून हेडलीसमोर ठेवला.

“स्वतंत्र संस्थेने सप्टेंबरमध्येच तपासलंय. समुद्रतळ उत्तम. आता तुमचं ऐकायचं की ह्यांचं?”

हेडलीने शेवटचं पान उलटून तुझी सही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मला विचारलं, “ही आपली रोझलिन का रे?”

मी हो म्हणालो.

“हुशार होती पोरगी,” तो म्हणाला आणि टोपी घालून बाहेर आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

मला वाटायचं की तुमचा शिक्का नुसता निकामी आहे. नाही. तो फार कामाचा आहे. तो दाराला लावतात, आणि आमच्यासारखे आले की आतून सांगतात, तपासणी झालेली आहे.

पुन्हा लिहू नकोस.

लिअँडर

*

हॅलिफॅक्स
१२ नोव्हेंबर २०१६

लिअँडर,

लिहू नकोस म्हणालास तरी हे घ्यावंच लागेल, पाकीट जाड आहे.

तुझं पत्र वाचल्यानंतर दोन दिवस मी कामाला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि सही मागे घेतली. लेखी दिलं : चार पिंजरे पाहिले नाहीत. धुकं नव्हतं. फॉर्मवर मी खोटं लिहिलं, मावसभाऊ तिथे कामाला आहे. आणि एक गोष्ट, जी तुलाही सांगितली नव्हती. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या शहरातल्या कचेरीत मला दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात कोंबडीखाद्याच्या कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या होत्या. एकोणतीस ट्रक, आठशे टन मासा, सगळा ऑगस्टमधला. खाण्याजोगी काढणी कोणी कोंबड्यांना घालत नाही. मी तिथेच प्रती काढल्या आणि बॅगेत ठेवल्या. तुला हातमोज्यांबद्दल लिहिलं तेव्हा त्या माझ्या टेबलाच्या खणात होत्या.

माझी वरिष्ठ कॉरिन ऑल्डस हिने सगळं शांतपणे वाचलं. मला वाटलं, आता हादरेल. ती म्हणाली, “रोझलिन, तू किती मोठी मदत केलीस!”

“म्हणजे?”

“तपासनीसाचं नातं होतं म्हटल्यावर ती तपासणीच बाद. तिच्यात मिळालेले कागदही बाद. आपण नव्याने करू.”

नव्याने केली. दुसऱ्या माणसाने, हॅलिफॅक्समधूनच, पडद्यावर. स्ट्राउडने फोन हातात धरून त्याला दोन नंबरचा पिंजरा दाखवला. अकरा दिवसांत शिक्का कायम झाला, आणि ह्या वेळी हातमोज्यांची त्रुटीही नाही, पाटी लागलेली होती ना. मला काढलं. कारण : ‘सचोटीच्या धोरणाचा भंग’. सोळा वर्षं मुख्य तपासनीसांच्या सहीखाली मी नको तिथे सह्या केल्या तेव्हा सचोटी शाबूत होती. एकदा खरं लिहिलं आणि ती भंगली.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नाहीच. मी खोटं बोलले होते. नेमकं तेवढंच खरं त्यांनी उचललं.

पावत्यांच्या प्रती सोबत आहेत. कंपनी मला कोर्टात खेचू शकते. खेचू दे. तुला काय करायचं ते कर.

रोझलिन

*

लिटल ड्रोक
१० डिसेंबर २०१६

रोझलिन,

केलं.

पावत्या घेऊन हेडली आणि मी परत पेनीकडे गेलो. ह्या वेळी अकराही होडीवाले आले आणि त्याच्या कचेरीत ओले बूट घेऊन भिंतीला लागून उभे राहिले. पेनीने पावत्या चाळल्या.

“कोणी दिल्या?”

“तपासनीस बाईने.”

“काढून टाकलेली? आणि तुमची नातेवाईक?” त्याने कागद माझ्याकडे सरकवले. “ह्याला मी काय अर्थ द्यायचा?”

हेडली म्हणाला, “साहेब, अर्थ नका देऊ. पाण्यात बघायला या. आज या. कळवून नको, आत्ता. जेवण झालं नसेल तर माझ्याकडे पाव आहे.”

पेनीने घड्याळ पाहिलं. काय मनात आलं त्याच्या देव जाणे. कदाचित एवढ्या बुटांच्या पाण्याने त्याचा गालिचा भिजत होता म्हणून असेल. उठला. खात्याचा स्वतःचा पाणबुड्या आणि कॅमेरा घेतला.

आम्ही धक्क्यावर पोचलो तर स्ट्राउड धावत आला. म्हणाला, आज धुकं आहे. पेनीने मान वर केली. लख्ख ऊन होतं, डिसेंबरमधलं, पातळ. त्याने स्ट्राउडकडे असं पाहिलं की मला पहिल्यांदाच तो माणूस आवडला. हेडलीच्या होडीतून गेलो. त्यांच्या पाणबुड्याला जागा दाखवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी उतरलो. शेडमध्ये तीन महिने जाळी धुतल्यावर पहिल्यांदा.

पाच नंबरखाली जमीन नाहीच, रोझलिन. काळा लगदा. त्याने काठी खुपसली, ती हातभर खाली गेली आणि बुडबुडे आले. शिंपल्यांच्या जागेपर्यंत तेच. आम्ही चाळीस मिनिटं हिंडलो. एक खेकडासुद्धा दिसला नाही. वर आल्यावर पेनीने होडीतच ते चित्र पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

पाच ते आठ नंबर बंद. खात्याचा लेखी हुकूम आहे, तीन वर्षं. होडीवाल्यांच्या अर्जाची फाइल पुन्हा उघडली. मला कंपनीने त्याच संध्याकाळी काढलं. राखणदार पुरे झाला.

आईला सगळं सांगितलं, जेवणाच्या दिवशी काय झालं तेही. ती म्हणाली, “मला माहीत होतं तू बघितलंस तिला.”

लिअँडर

*

हॅलिफॅक्स
१६ जानेवारी २०१७

लिअँडर,

आजच्या पेपरात टॉलवरचं निवेदन आहे. तुमच्याकडे पेपर पोचायला आठवडा लागेल म्हणून उतरवून देते. ‘समुद्रतळाच्या आरोग्याचा विचार करून आम्ही चार पिंजऱ्यांना स्वेच्छेने तीन वर्षांची विश्रांती देत आहोत. स्थानिक मच्छीमार बांधवांसोबतच्या मोकळ्या संवादाचं हे फळ आहे.’ ह्या पावलाबद्दल त्यांना सेंट जॉन्समध्ये मानचिन्ह मिळणार आहे. देणारं ऑफिस कोणतं ते विचारू नकोस.

आणखी एक. परवा मला स्ट्राउडचं पत्र आलं. टॉलवरला पर्यावरण सल्लागार हवाय. पगार माझ्या जुन्या पगाराच्या दुप्पट. लिहितो, ‘तपासणीतल्या उणिवा तुमच्याइतक्या कोणाला कळतात? मागचं आम्ही मनात ठेवत नाही.’

मी ते पत्र फाडून टाकलं असं तुला लिहिता आलं असतं. नाही फाडलं. दोन दिवस ते टेबलावर आहे आणि मी त्याच्याभोवती फिरते आहे. चार ठिकाणी अर्ज केले, चारही ठिकाणी माझी ‘सचोटी’ माझ्या आधी पोचली. हा एकटाच माणूस मला काम देतोय. मला विकत घ्यायला त्याला एवढंसंही वाईट वाटत नाही, आणि मी विकली जाईन असं त्याला वाटावं इतकी मी त्याला ओळखीची आहे, ह्याची लाज जास्त वाटते.

रोझलिन

*

लिटल ड्रोक
२८ जानेवारी २०१७

रोझे,

मी काही सांगणार नाही. तुला सांगायची माझी लायकी आहे असं नाही. नऊ वर्षं मी पोती भरली, पगार घेतला आणि फोटोला दात काढले. नमुना सात पहिल्या वर्षीच भरायला हवा होता. तुझ्यावर दात खाताना हे मी सोयीने विसरत होतो.

ते ‘मच्छीमार बांधवां’चं वाचून दाखवलं. हेडली इतका हसला की त्याला दोरखंडाच्या ढिगावर बसवावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाला, “तीन वर्षांनी ते परत येतील. तेव्हा आपल्याकडे कागद वाचणारं कोणी हवं.”

तर होडीवाल्यांनी संघ केलाय. अकरा होड्या, एक मी. दर महिन्याला समुद्रतळ आपण स्वतः तपासायचा, नोंदी ठेवायच्या आणि पेनीच्या टेबलावर आदळायच्या. पाण्याखालचं मी बघतो. पण त्याचा कागद कसा करायचा, की कोणी तो उलटा फिरवून आमच्याच अंगावर टाकू नये, हे आमच्यापैकी कोणालाच येत नाही. तुझं नाव हेडलीने काढलं. मी नाही काढलं. दोघे विरोधात होते, त्यातला एक अजून आहे. तो तुला तोंडावर बोलेल. बोलू द्यावं लागेल.

पगार नावाला. खोली फ्लोराच्या दुकानावर, थंड आहे. मागचं आम्ही मनात ठेवतो, हे आधीच सांगतो.

लिअँडर

*

हॅलिफॅक्स
८ फेब्रुवारी २०१७

लिअँडर,

स्ट्राउडला नकार कळवला. दोन ओळींत, कारण न देता. कारण दिलं असतं तर ते त्याने कुठेतरी छापलं असतं.

गुरुवारच्या बोटीने येते. त्या विरोधातल्या माणसाला सांग की पहिल्या बैठकीत आधी त्यानेच बोलावं, मी उभी राहून ऐकेन. मग सप्टेंबरमध्ये मी काय केलं ते सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगेन. कागदावरून वाचणार नाही.

धक्क्यावर कोणी येऊ नका. सामान मी एकटी आणीन. आधी मावशीकडे जायचंय, आणि दार मला स्वतः वाजवायचंय. तिला तारीख सांगू नकोस, काही रांधायला लावू नकोस. तिने दार उघडलं नाही तर मी फ्लोराकडे जाईन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन.

रोझ